कच्चा नकार

ऋजुताने ‘नको’ या शब्दाचं वजन करणारं यंत्र बनवलं, तेव्हा ऑफिसात पेढे वाटले गेले. साताऱ्याहून मुद्दाम मागवलेले कंदी पेढे. आणि गंमत बघा, खोका ज्याच्या ज्याच्या पुढे आला तो प्रत्येक जण आधी “नको, नको” म्हणाला आणि मग उचलून तोंडात टाकला. ऋजुताला हसू आलं. तिचं दोन वर्षांचं संशोधन त्या एका खोक्यात मावत होतं.

यंत्र म्हणजे चाकं आणि दांडे असलेलं काही नव्हे. फोनच्या आत बसून राहणारी एक आज्ञावली होती. कंपनी पुण्याच्या बालेवाडीतली, नाव ‘झुकाव सिस्टिम्स’. हे असलं काही करायची वेळ का आली, ते आधी सांगायला हवं.

ही गोष्ट आजपासून दहाएक वर्षांनंतरची. लोकांना तोवर नव्या ॲपचा कंटाळा आला होता. जो तो आपली सात-आठ ॲप धरून बसलेला; नवं काही उतरवून घ्यायचं म्हटलं की कपाळाला आठ्या. जाहिरातींचं तर विचारूच नका. रस्त्यातला खड्डा चुकवावा तशी माणसांची नजर जाहिरात चुकवायला शिकली होती. करोडो रुपये ओतून केलेली जाहिरात आणि बघणारं कोणी नाही! मग कंपन्यांनी हिशोब फिरवला. नवं गिऱ्हाईक शोधत हिंडण्यापेक्षा जे आत आलंय त्याच्याकडूनच जास्त काढायचं. जाहिरात बाहेरून उठली आणि ॲपच्या आत, एका प्रश्नात येऊन बसली. “घेणार?” खाली दोन बटणं, ‘हो’ आणि ‘नको’. सगळ्या धंद्याचा जीव त्या दोन बटणांत.

जगभरची हुशार माणसं ‘हो’ मोजत बसली होती. ऋजुता म्हणाली, आपण ‘नको’ मोजू या.

नव्या फोनच्या काचेला बोट टेकायच्या आधीच ते जवळ आल्याचं कळायचं. बोट किती वेळ घुटमळलं, काचेवर अंगठा किती पसरला, फोन हातात किती हलला, हे सगळं त्यात नोंदलं जाई. ऋजुताने दाखवून दिलं की माणसाला मनापासून नको असेल तर अंगठा सरळ येतो, टिचकी मारतो आणि जातो. मनात कुठेतरी हवं असेल तर तो अधांतरी रेंगाळतो, थरथरतो, मग नाइलाजाने टेकतो. पहिला पक्का नकार, दुसरा कच्चा. पक्क्याच्या वाट्याला जायचं नाही. कच्चा दिसला की थोडं थांबायचं आणि वेगळ्या शब्दांत पुन्हा विचारायचं. यंत्राचं नावच तिने ‘आग्रह’ ठेवलं.

आता ही अक्कल तिला कुठून आली? एखाद्या परदेशी विद्यापीठातून नव्हे. मिरजेच्या ब्राह्मणपुरीतून आली, भालूमामाकडून.

भालूमामा म्हणजे ऋजुताच्या आईचा धाकटा भाऊ, भालचंद्र घळसासी. त्याने चाळीस वर्षं लग्नामुंजीत वाढप्याचं काम केलं. आचारी बदलले, केटररच्या पाट्या बदलल्या, पण पंगतीत जिलबीचं ताट भालूमामाच्याच हातात. “पानाला शोभा म्हणून एकच!” असं म्हणत तो अशी जिलबी सोडायचा की नको म्हणणाऱ्यालाच हायसं वाटावं. त्याच्या पंगतीतून कोणी अर्धपोटी उठला नाही आणि कोणी पानात टाकूनही उठला नाही. सांगली-मिरजेत हे कोणीही सांगेल.

यंत्राचं काम सुरू करायच्या आधी ऋजुता दोन दिवस मामाकडे जाऊन राहिली होती. समोर फोन ठेवून तिने त्याचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलं. मामा खुलला. भाची आपली विद्या शिकायला आली याचं त्याला कोण कौतुक!

“तोंडाने काय म्हणतो ते ऐकायचंच नाही, ऋजू,” मामा म्हणाला. “हाताकडे बघायचं. पानावर हात धरलाय पण बोटं फाकलेली, तर बिनधास्त वाढ. तळवा आडवा आणि अंगठा आत दुमडलेला असेल तर मुकाट पुढे सरक.”

“यांना काय विचारतेस गं,” मामी चहा घेऊन येत म्हणाली. “जगाला आग्रह केला, मला मेलीला कधी म्हणाले नाहीत घे म्हणून.”

“तुला म्हणायला तू बसायचीस कुठे पंगतीला!” मामा म्हणाला, आणि तिघंही हसली.

“पण किती वेळा विचारायचं मामा?” ऋजुताने विचारलं.

“तीनदा. पहिला नको रीतीचा, दुसरा लाजेचा, तिसरा खरा. त्याच्यापुढे विचारलंस तर तो आग्रह नव्हे, जुलूम झाला. पोट त्याचं आहे गं, आपलं नाही.”

ऋजुताने सगळं जसंच्या तसं यंत्रात घातलं. फाकलेली बोटं, आडवा तळवा, तीनचा आकडा. मामाची वाक्यंसुद्धा घातली, कारण तेवढी गोड वाक्यं तिला स्वतःला सुचेनात. “अहो, एवढं तरी!”, “आमच्या मनाला बरं वाटेल म्हणून,” आणि अर्थातच “पानाला शोभा म्हणून एकच.”

मराठी गिऱ्हाइकांवर यंत्र असं काही चाललं की विचारू नका. इतर भाषांत दुसऱ्यांदा विचारलं की लोक वैतागून ॲप बंद करत. आपल्याकडे तिसऱ्यांदा विचारलं की लाजत लाजत ‘हो’ म्हणत. सहा महिन्यांत ऋजुताला बढती मिळाली.

मग एके दिवशी तिची वरिष्ठ, रेवती कामतेकर, सहज म्हणाली, “चौथ्यांदा विचारून बघायचं का गं? फक्त चाचणी म्हणून?”

चाचणी झाली. चौथ्यांदाही लोक ‘हो’ म्हणत होते. पाचव्यांदाही. ऋजुताने स्वतःची समजूत घातली की नाहीतरी पक्का नकार आला की यंत्र थांबतंच, मग मोजायचं कशाला? तिने आज्ञावली उघडली आणि तीनची मर्यादा पुसून टाकली. पाऊण मिनिटाचं काम. कोणी तिच्यावर बंदूक रोखली नव्हती, कोणी हुकूम सोडला नव्हता. तिनेच पुसली, आणि मग कँटीनला जाऊन मिसळ खाल्ली.

पुढे मामी गेली. ऋजुता दहाव्याला जाऊन आली. तेव्हा मामाच्या हातातला चहाचा कप बशीवर वाजत होता. तिला वाटलं, दुःखाने होत असेल. त्यानंतर अकरा महिन्यांत तिचं मिरजेला जाणं झालं नाही. कामं होती. कामं काय, कायमच असतात.

अकराव्या महिन्यात मंदारचा फोन आला. मंदार म्हणजे मामाचा मुलगा, ऋजुतापेक्षा चार वर्षांनी लहान; तो आणि त्याची बायको सायली मामाबरोबरच राहत.

“ताई, बोलू शकतेस का?”

“बोल ना.”

“बाबांनी घोळ घातलाय. आईच्या वर्षश्राद्धाला आश्रमातल्या मुलांना जेवण घालायचं म्हणून त्यांनी पैसे बाजूला ठेवले होते. तिला शब्द दिला होता त्यांनी, दवाखान्यात. ते सगळे उडवले गं! फोनवरच्या गेममध्ये!”

“गेम? मामा?”

“मलाही खरं वाटेना. पंचाहत्तरीला आलेला माणूस. मी फोन काढून घेतला, कार्ड काढून घेतलं. बटणांचा साधा फोन दिलाय. का केलंत विचारलं तर बोलत नाहीत, मान खाली घालून बसतात. परवा मी फार बोललो त्यांना. सायलीसमोर बोललो. नादाला लागलात, लाज सोडलीत, असलं काहीबाही.” मंदारचा आवाज जरा उतरला. “तू त्या क्षेत्रातली आहेस. काही परत मिळतं का बघ ना.”

“गेम कुठला?”

“‘पंगत’ म्हणून आहे. मांडव घालायचा, पानं मांडायची, पाहुण्यांना वाढायचं. जिलबी संपली की कढई भरायला पैसे. मूर्खपणा नुसता!”

‘पंगत’ बनवणारे ‘झुकाव’चे सर्वांत जुने गिऱ्हाईक होते. ‘आग्रह’ पहिल्यांदा बसला तो ‘पंगत’मध्ये.

“बघते,” ती म्हणाली.

एकेका माणसाची नोंद उघडून बघायला कंपनीत बंदी होती. ऋजुताने उघडली. मामाचा नंबर तिला पाठ होता.

आठ महिन्यांत यंत्राने मामाला साडेचार हजार वेळा विचारलं होतं. सकाळी चहाच्या वेळी, दुपारी जेवण झाल्यावर, संध्याकाळी दिवेलागणीला. आणि मामाने चार हजारांहून जास्त वेळा ‘नको’ म्हटलं होतं. ‘हो’ म्हटलं होतं ते उरलेल्या वेळा, आणि तेही बहुतेक सातव्या-आठव्यांदा विचारल्यावर. ती नकारांच्या रांगेवरून खाली खाली जात राहिली. कच्चा. कच्चा. कच्चा. चार हजार नकारांमध्ये एकही पक्का नाही.

असं कसं होईल? सांगली-मिरजेत ज्याच्याइतकी नकाराची पारख कोणाला नव्हती, त्या माणसाला स्वतःला एकदाही धड नको म्हणता येऊ नये?

तिने एका नकाराची अंगठ्याची रेघ उघडली. पक्क्या नकाराची रेघ सरळ असते, कच्च्याची वाकडीतिकडी. मामाची रेघ यांपैकी कुठलीच नव्हती. ती कापत होती, पण एका लयीत कापत होती. सेकंदाला पाच वेळा, न चुकता. दुसरी उघडली, तीच लय. दहावी उघडली, शंभरावी उघडली. मनात चलबिचल असणाऱ्याचा अंगठा असा घड्याळासारखा हलत नाही. हा कंपवात होता. यंत्राला तो कळलाच नव्हता. त्याने त्या थरथरीला मोह समजून घेतलं होतं. मामा दर वेळी मनापासून नको म्हणत होता आणि यंत्र दर वेळी म्हणत होतं, याला हवंय, लाजतोय नुसता, पुन्हा विचारा.

तीनची मर्यादा असती तर तिसऱ्या नकाराशी सगळं थांबलं असतं.

ऋजुताला आधी रडू आलं नाही. तिला आधी एवढंच आठवलं की आपण त्या दिवशी मिसळ खाल्ली होती, आणि तिखट छान होती. मग मात्र तिला स्वतःची इतकी किळस आली की ती बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी ती रेवतीच्या केबिनमध्ये गेली. रेवतीने सगळं ऐकून घेतलं. ती काही दुष्ट बाई नव्हती. तिचाही चेहरा उतरला. तिने आपला स्क्रीन ऋजुताकडे वळवला. पासष्टीच्या पुढच्या लोकांचा खर्च गेल्या वर्षात सर्वांत जास्त वाढला होता.

“आणि आपण मीटिंगमध्ये टाळ्या वाजवल्या,” रेवती म्हणाली, “की ज्येष्ठ मंडळी आता उत्साहाने फोन वापरायला लागली म्हणून.”

“आता काय करायचं?”

“पुढच्या आवृत्तीत गुपचूप दुरुस्त करता येईल. ते मी बघते. पण झालेलं परत द्यायचं असेल तर तुला लिहून द्यावं लागेल. मोजमापात दोष आहे, आणि तीनची मर्यादा मी काढली, असं. तुझ्या सहीने. मग वरच्यांना नाही म्हणता येणार नाही, सगळ्यांचे परत करावे लागतील. पण तुझं नाव त्यात पहिलं असेल. वर्तमानपत्रात येईल. या धंद्यात पुन्हा कोणी उभं करणार नाही तुला.” रेवतीने स्क्रीन पुन्हा आपल्याकडे वळवला. “विचार कर.”

ऋजुता तीन आठवडे विचार करत राहिली. विचार कसला डोंबलाचा! घाबरली होती. रोज सकाळी ती तो अर्ज उघडायची, स्वतःचं नाव टाईप करायची आणि बंद करायची. मंदारचे दोन फोन येऊन गेले. दोन्ही वेळा ती म्हणाली, “प्रयत्न चालू आहे.”

मग मामीच्या वर्षश्राद्धाची तारीख आली. आईला घेऊन ऋजुता मिरजेला निघाली. या वेळी घरात सगळ्यांदेखत सांगून टाकायचं, मग सही करायला कसली भीती, असं तिने गाडीत मनाशी पक्कं केलं होतं. आई वाटेत शेजारच्या बाईंना सांगत होती, “माझी ऋजू यंत्रांना मराठी शिकवते हो!” ऋजुता खिडकीबाहेर बघत राहिली.

मंदारचा फ्लॅट माणसांनी भरला होता. मामाच्या हाताला कंप, म्हणून विधी मंदारच करत होता. मामा मागच्या गॅलरीत खुर्चीवर बसून होता. केवढा वाळला होता! उजवा हात मांडीवर होता आणि आपोआप हलत होता, आणि मामा दुसऱ्या हाताने तो दाबून धरत होता. ऋजुताला बघून त्याचा चेहरा उजळला.

“आलीस? ये, ये. बस. चहा घेतलास?”

“मामा, मला तुझ्याशी बोलायचंय.”

ती दारातच उभी राहिली. आत गुरुजींचे मंत्र चालू होते. तिने एका दमात सांगून टाकलं. तो गेम, त्यातला आग्रह, तो मी बनवलाय. तुझ्या रेकॉर्डिंगवरून बनवलाय. तुझे पैसे माझ्यामुळे गेले.

मामाने मांडीवरचा हात पुन्हा दाबून धरला. मग म्हणाला, “ठाऊक आहे गं.”

“काय?”

“दुसऱ्याच दिवशी कळलं मला. पानाला शोभा म्हणून एकच! हे माझ्याशिवाय कोण म्हणतं? आणि मी ते बसून शिकवलं कोणाला? तुलाच तर.”

“मग मंदारला का नाही सांगितलंस? आठ महिने? एवढं बोलला तो तुला!”

“काय सांगायचं? माझ्या भाचीने केलं म्हणून?”

ऋजुताने दाराची चौकट धरली.

“आधी बरं वाटायचं मला,” मामा म्हणाला. “खोटं कशाला बोलू. तुझी मामी गेल्यावर ही दोघं दिवसभर कामाला. घरात मला ‘घ्या’ म्हणणारं कोणी नाही. हे आपलं विचारायचं, गोड बोलायचं. मी नको म्हणायचो, तरी परत विचारायचं. माणूस असल्यासारखं वाटायचं. पण पुढे पुढे नकोसं झालं गं. पैसे कशासाठी ठेवलेत ते डोक्यात असायचं. अंगठा दाबून दाबून नको म्हणायचो, तर ते ऐकेना. कोणी आठ-आठ वेळा म्हटल्यावर नाही म्हणवत नाही, तुला माहितीये आपली रीत. शेवटी वाटायला लागलं की मीच मनातून लोचट असणार. उगाच का ते विचारतंय? चाळीस वर्षं दुसऱ्यांचे हात बघितले, आणि आता म्हातारपणी मलाच हाव सुटली. मंदार बोलला ते पटलं मला.”

“नाही मामा! तुझा नको पक्काच होता. दर वेळी पक्का होता. तुझा हात कापतो ना, ते त्या यंत्राला कळलं नाही. त्याला वाटलं तू घुटमळतोयस.”

मामाने मांडीवरच्या हाताकडे पाहिलं. मग तिच्याकडे.

“म्हणजे मी नकोच म्हणत होतो?”

“हो.”

“खरंच?”

“अगदी खरं. मी स्वतः पाहिलंय.”

त्याने डोळे पुसले. “एवढं सांगितलंस ते फार बरं केलंस. मला तेवढं पुरे आहे.” आणि मग जरा वेळाने, हळूच, “पण ते तीनदाच्या पुढे का विचारायचं गं? मी तर तीन सांगितलं होतं.”

“मी काढलं ते.”

“बरं,” मामा म्हणाला.

तो रागावला असता तर ऋजुताला सोसलं असतं. त्या ‘बरं’मध्ये राग नव्हता. शिकवलेलं वाया गेल्यावर जुन्या मास्तरांच्या आवाजात येतं तसलं काहीतरी होतं, आणि ते ऐकून तिला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं.

“मी आत्ता आत जाऊन सांगते,” ती म्हणाली. “मंदारला, सगळ्यांना. पुण्याला गेल्यावर लिहूनही देते. पैसे परत मिळतील. तुझेच नाही, सगळ्यांचे.”

“नोकरी राहील तुझी?”

“नाही.”

“मग राहू दे.”

“नाही मामा, सांगते मी.”

“राहू दे गं. मंदार माझा मुलगा आहे. माझ्यावर किती दिवस चिडेल? तुझ्यावर चिडला तर जन्मभर अढी धरेल. आणि बाहेर तुझी आई बसलीय. तिला काय वाटेल? केवढी मिरवते तुला घेऊन.”

“पण तुला सगळे काय समजतायत मामा? नको, मला सांगू दे.”

तिचा हात दाराच्या चौकटीवर होता, बोटं फाकलेली. मामाने त्या हाताकडे पाहिलं. अगदी क्षणभर पाहिलं, आणि त्याच्या चेहऱ्यावर ऋजुताने लहानपणापासून शेकडो पंगतींत पाहिलेला भाव आला. समोरच्याला काय हवंय ते ओळखल्याचा.

“राहू दे,” तो तिसऱ्यांदा म्हणाला. फार मायेने म्हणाला. “माझं आता काय राहिलंय? तुझं सगळं पुढे आहे. एवढं ऐक माझं.”

ऋजुता काही बोलली नाही. आता गप्प राहणं म्हणजे काय, ते तिच्याइतकं कोणाला कळत होतं? तिला नाही म्हणता आलं असतं, आणि त्या एका ‘नाही’ने मामाची गेलेली अब्रू अर्ध्या तासात परत आली असती. पण तिला आतून हायसं वाटत होतं. लाज वाटण्यासारख्या जेवढ्या गोष्टी तिने आजवर केल्या होत्या, त्यांत ते हायसं वाटणं सगळ्यांत वाईट होतं, आणि ते तिला तिथे उभ्या उभ्या कळत होतं.

“जेवायला चला,” आतून सायलीने हाक मारली.

पानं वाढली गेली. खीर, वडे, आमटी, कढी. मामाने उठून खिरीचं भांडं उचलायला हात पुढे केला तर मंदार म्हणाला, “बाबा, तुम्ही बसा. सांडाल.” मामा बसला.

जेवता जेवता मामीच्या भावाने विचारलं, “भालूभाऊ, ते आश्रमातलं जेवण कधी आहे? मीपण येईन म्हणतो.”

मंदारचा हात आमटीच्या वाटीशी थांबला.

“ते होणार नाही,” तो म्हणाला. “बाबांनी ते पैसे गेममध्ये घालवले.”

पलीकडच्या पानावर कोणीतरी फिसकन हसलं आणि ते खोकल्यात दडवलं. मामीच्या भावाने मामाकडे असं बघितलं की जणू पहिल्यांदाच बघतोय. ऋजुताची आई पुटपुटली, “भालू, अरे तू?” आणि मामा खाली मान घालून भात कालवत राहिला. त्याच्या हाताने भात पानाबाहेर सांडत होता.

ऋजुताने तोंड उघडलं. कोणी विचारलं तर ती सांगेल की तिने खरंच उघडलं होतं. मग तिने त्यात घास घातला.

दुपारी निघायची वेळ झाली. आई आधी खाली जाऊन रिक्षात बसली. मामा निरोप द्यायला दारापर्यंत आला. मंदारने ऋजुताची बॅग उचलली आणि तिथेच उभा राहिला.

“ताई, जाता जाता तू तरी बाबांना समजाव. तुझं ऐकतात ते. तू त्यातली आहेस म्हटल्यावर त्यांना पटेल. यंत्र काही कोणाचा हात धरून पैसे काढत नाही, आपण आपला मोह आवरायला हवा, एवढंच सांग.”

सायलीही येऊन उभी राहिली. दोघं ऋजुताकडे बघत होती. मामाही बघत होता. त्याने तिला मान हलवून खूण केली. सांग, सांग, काही हरकत नाही.

“मामा,” ऋजुता म्हणाली. आवाज तिचाच होता. “असं करू नये रे. जरा मनाला आवर घालावा माणसाने.”

“हो गं,” मामा म्हणाला. “चुकलं माझं. आता नाही करणार.”

ती वाकून त्याच्या पाया पडली. त्याचा हात तिच्या डोक्यावर आला आणि कापत राहिला. जिना उतरताना मंदार तिच्यापुढे होता. बॅग रिक्षात ठेवून तो वळला.

“थँक्स ताई,” तो म्हणाला. “बरं झालं तू बोललीस. आमचं कोण ऐकतंय.”